व्याह्यांच्या घरचं दोन लिटर सरबत

माझ्या थोरल्या भावाच्या मोठ्या आतड्याची तपासणी होती, आणि त्यासाठी पोट साफ झालं ते माझं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. (बायकोला माहीत आहे, पण तिला सगळंच माहीत असतं.) आता सांगतो, कारण ज्याच्यापायी लपवायचं तो अण्णाच ही गोष्ट एसटी स्टँडवर उभा राहून सांगत सुटलाय. त्यात माझी बाजू कुणीच मांडत नाही. म्हटलं, आपण मांडावी. मांडायला बसलो आणि लक्षात आलं, की मला बाजूच नाही!

मी मुखेडला हायस्कूलात विज्ञान शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. पचनसंस्थेची आकृती मी फळ्यावरून खडू न उचलता एका दमात काढतो. तोंडापासून निघालो की अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची वेटोळी, मग मोठं आतडं. शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात उभे राहून बघायचे. फक्त अगदी शेवटच्या भागापाशी आलो की माझा खडू अडखळायचा. समोर मुलं, मुली, आणि त्यात सरपंचांची भाची! तिथं मी खोकायचो, "आणि मग पुढं बाहेर" एवढं म्हणायचो आणि फळा पुसायचो. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी गुदाशय शिकवलेला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न आला की आमची अख्खी शाळा तो एकमतानं चुकायची.

अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर होऊन चाकूरला राहतो. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं बी.एस्सी. आणि बी.एड. हे अण्णाच्या स्टेअरिंगवर झालं. घरात एक तरी समजणारा माणूस पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारलेली नाही. 'मास्तर' म्हणतो. घरात कुणाला शिंक आली तरी म्हणतो, "मास्तरला इचारा." इतकी वर्षं इतक्या विश्वासानं कुणी विचारत राहिलं, की माणूस सांगायला लागतोच. मीही लागलो.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत चाकूरला गेलो होतो. अण्णानं मला घरामागं लिंबाखाली नेलं. इकडंतिकडं बघितलं.

"मास्तर, संडासला रगत जाऊन राहिलं."

"किती दिवस?"

"झाले की दोन महिने."

मी हसलो. हो, हसलो! "अण्णा, तीस वर्षं इंजिनाच्या गरमीवर बसलास. मूळव्याध होणार नाही तर काय होणार? तुमच्या डेपोत कुणाला नाही ते सांग."

"दवाखान्यात दावू का?"

"कशाला? मी आहे ना!"

ही तीन अक्षरी खात्री देऊन मी आत जाऊन आमरसाला बसलो. (अक्षरं तीनपेक्षा जास्त आहेत. पण गणित कधीच माझा विषय नव्हता, आणि वैद्यकी तर त्याहून नव्हती.)

उपचार जोरात सुरू झाले. इसबगोल झालं, त्रिफळा झाला. तिखट बंद केलं, म्हणजे जेवणच बंद केल्यासारखं. तेवढ्यानं भागेना तेव्हा मी मुखेडच्या आठवडी बाजारातून मूळव्याधीची तांब्याची अंगठी आणली. मी विज्ञानाचा शिक्षक! वर्गात दर वर्षी गंडेदोरे-अंगठ्यांवर पाऊण तास बोलतो. अंगठी अण्णाच्या बोटात घालताना मात्र म्हणालो, "प्रयोग म्हणून घाल."

दर महिन्याला अण्णाचा फोन यायचा, आणि दर महिन्याला माझं उत्तर तयार असायचं.

"मास्तर, जाऊन आलं तरी आणखी जायचंच हाय असं वाटतंय."

"अण्णा, ते गॅसनं होतं."

"पोट कधी धरतंय, कधी सुटतंय."

"पाणी बदललं की होतं तसं." (चाकूरचं पाणी चाकूरलाच कसं बदलेल, हे त्यानं विचारलं नाही. मीही सुचवलं नाही.)

"पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. वजन उतरलंय."

"मग छान की! या वयात उतरलेलंच बरं!"

असं दीड वर्ष चाललं. शेवटी एक दिवस अण्णा चाकूरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडला. वहिनीनं मला न विचारता (पहिल्यांदाच!) त्याला तिथल्या डॉक्टरांकडं नेलं. अंगात रक्त निम्मंही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस औषध कुणाचं चालू होतं?" अण्णा अभिमानानं म्हणाला, "आमच्या मास्तरचं." डॉक्टरांनी हातातला केसपेपर फाडला नाही एवढंच. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करा, उशीर करू नका, असं लिहून दिलं.

तपासणी नांदेडला ठरवली. दवाखान्यातून सूचनांचा कागद मिळाला. आदल्या दिवशी सकाळी नऊनंतर खाणं बंद. फक्त पाणी, नारळपाणी. बियांचं तर काहीच नको. संध्याकाळी पाच वाजता पावडरीचं पाकीट दोन लिटर पाण्यात मिसळून दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर. कागद वाचून मी अण्णाला समजावलं, "हे पिऊन चाकूरहून नांदेडपर्यंत एसटीत बसता येणार नाही."

"म्या चालवली तरी न्हाई," अण्णा म्हणाला.

म्हणजे नांदेडलाच मुक्काम पाहिजे. अण्णाचे व्याही विष्णुपुरीला राहतात. पोरगी आणि जावई नोकरीपायी पुण्याला, घरी व्याही आणि विहीणबाई दोघंच. व्याही तिथं असताना लॉजवर उतरलो असतो, तर ते नातं तिथंच संपलं असतं. मी फोन लावला. आता खरं तर सरळ सांगायचं, की बाबा, अमुक तपासणी आहे. पण अमुक म्हणजे काय? कुठली जागा? कुठून दुर्बीण? पोरीच्या सासरी हे कसं सांगायचं! मी खोकलो आणि म्हणालो, "सहज येतोय. बरेच दिवस झाले भेटून."

लग्नानंतर अण्णा त्या घरी पहिल्यांदाच चाललेला. त्या 'सहज'नं काय होणार, हे माझ्या बायकोनंसुद्धा सांगितलं असतं. मी तिला विचारलं नाही.

दुपारी एकला आम्ही पोचलो. जयभीम झाला, पाणी झालं, आणि आतून मटणाचा वास आला. व्याह्यांनी सकाळी स्वतः उभं राहून आणलेलं. पाट मांडलेले, भाकरीची चळत, काळ्या मसाल्याचा रस्सा, भरलं वांगं आणि वाटीभर जवसाची चटणी. त्या जवसाकडं बघून माझ्या पोटात गोळा आला. (अण्णाच्या पोटात तो आधीपासूनच होता, पण ते तेव्हा कुणाला माहीत?)

"बसा ईवाई, हात धुवा," व्याही म्हणाले.

"अण्णाचा आज उपवास आहे," मी म्हणालो.

"कसला ओ?"

"पौर्णिमेचा."

"पौर्णिमा जाऊन आठ दिस झाले की मास्तर!"

"म्हणजे... त्याचा दातसुद्धा दुखतोय."

हे ऐकून विहीणबाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी दोन भाकरी रस्स्यात कुस्करून, वर मऊ फोडी घालून, जवसाची चटणी तेलात कालवून अण्णापुढं ठेवली. "चावायचंच काम न्हाई बगा आता."

मी शेवटचा उपाय केला. व्याही पाणी आणायला वळले की अण्णाच्या ताटातलं उचलून मी खायचो. मग विहीणबाईंना अण्णाचं ताट रिकामं दिसायचं, आणि त्या खूश होऊन परत वाढायच्या! असं तीनदा झालं. मी माझ्या भाकरी धरून सहा भाकरींवर पोचलो, मला घाम फुटला, आणि अण्णाचं ताट होतं तसंच भरलेलं. तेव्हा अण्णा खाली मान घालून हळूच म्हणाला, "राहू दे मास्तर. पोरगी दिलेली हाय ह्या घरात. ताटाला न्हाई कसं म्हणावं." आणि तो जेवला. दीड वर्ष माझ्या सांगण्यावरून तिखट सोडलेला माणूस. मला ते बघवेना, आणि अण्णा तर बोटं चाटत होता.

म्हटलं, ठीक आहे, पावडर तरी नीट देऊ. पाच वाजता मी स्वयंपाकघरात चोरासारखा शिरलो. मोठ्या जगमध्ये दोन लिटर पाणी मोजलं, पाकीट फोडलं, ढवळायला लागलो. मागं व्याही.

"काय करून राहिले मास्तर?"

पावडरीला लिंबाचा वास होता. माझी जीभ चालून गेली. "सरबत!"

"ऑ? पाव्हण्यानं सरबत करावं? आवो, ऐकलं का!"

विहीणबाई धावत आल्या. माझ्या हातातून जग घेतला, त्यात चार चमचे साखर घातली, बर्फ घातला, आणि अंगणात खुर्च्या मांडून चार ग्लास भरले. स्वतः एक घोट घेऊन म्हणाल्या, "जरा खारट हाय," आणि ग्लास खाली ठेवला. त्या घरातल्या एकट्या शहाण्या माणसाची नोंद इथं करून ठेवतो.

आता दोनच वाटा होत्या. खरं सांगणं किंवा पिणं. अण्णानं ग्लास हातात धरून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनीच विचारलं, सांगू का? सांगायला तो तयार होता. त्याला काही लाज नव्हती, रोज रक्त बघणाऱ्या माणसाला कसली लाज? मी मान हलवली. नको.

ती मान हलवलेली मला अजून आठवते. बाकीच्या गोष्टीला लोक हसतात, मीही हसतो. त्या मानेपाशी आलो की हसू येत नाही.

व्याही पाहुण्याच्या हातचं म्हणून मनापासून प्यायले. "घ्या की मास्तर, तुम्ही केलेलं आन तुम्हीच मागं? तुम्ही न्हाई पिलात तर आम्ही कसं प्यावं?" असं करत त्यांनी मला पाच ग्लास पाजले, स्वतः तीन घेतले. अण्णाच्या वाट्याला आले दोन.

पाऊण तास काही झालं नाही. व्याही विष्णुपुरीच्या धरणाचे किती दरवाजे कधी उघडतात ते सांगत होते. एका दरवाजावर ते मध्येच थांबले. चेहऱ्यावर विचार आला. "आलोच" म्हणून गेले ते गेलेच. दोन मिनिटांनी मलाही धरणाचं महत्त्व पटलं. घरात संडास एक! मी दाराबाहेर, व्याही आत. मग मी आत, व्याही बाहेर. "मास्तर, आवरा!" "हो, हो!" "मास्तर, लई झालं!" सूर्य मावळेपर्यंत आम्हा दोघांत जितका संवाद झाला तितका लग्नाच्या बोलणीतही झाला नव्हता.

विहीणबाईंना संशय आला मटणाचा. त्यांनी खाटकाला फोन लावला आणि असं काही बोलल्या, की त्या बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी बिनचूक ताजं मटण फुकट पाठवायचं कबूल केलं. व्याही भिंतीला धरून बाहेर आले आणि त्यांचे डोळे भरून आले. "ईवाई पहिल्यांदा घरी आले आन आम्ही हे असं खाऊ घातलं. चला, मास्तरला दवाखान्यात नेऊ." मी हात जोडून नको म्हणालो. अण्णा मात्र अंगणात शांत बसलेला. दोनदा उठला, बस. व्याह्यांनी त्याच्याकडं कौतुकानं बघितलं. "पोट असावं तर अण्णासारखं. लोखंड हाय!"

लोखंड! मी मान खाली घातली. ती वर राहण्याइतकी ताकदही उरली नव्हती.

सकाळी 'बाजारात एक काम आहे' असं सांगून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला सरळ. दहा मिनिटांत बाहेर आल्या.

"काल यांनी काय खाल्लं?"

मी खोकलो.

"सर, आत जवस आहे. भाकरी आहे. आम्हाला काही म्हणजे काही दिसत नाहीये. पोट साफ नाही झालं."

आणि मी, सव्वीस वर्षांचा अनुभवी विज्ञान शिक्षक, म्हणालो, "मॅडम, माझं झालंय."

त्यांनी हातातला कागद उलटून, दोघांतला पेशंट कोण ते परत तपासलं. मग पुढची तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची. त्या तारखेला मला दहावीच्या पेपरांचं काम आलं. मी फोन करून ती आणखी पुढं ढकलली. 'इतके दिवस थांबलो, आणखी थोडे.' हेही माझंच वाक्य.

पण अण्णा थांबला नाही. मला न सांगता त्यानं स्वतः दवाखान्यात फोन लावून जुनीच तारीख धरली, वहिनीला घेतलं, एसटीनं विष्णुपुरीला गेला आणि चप्पल काढायच्या आधी दारातच व्याह्यांना म्हणाला, "ईवाई, संडासच्या जागेतून रगत जाऊन राहिलं. उद्या आतडं तपासणार हायेत. आज काय खायला देऊ नका." झालं! एवढंच बोलायचं होतं. व्याह्यांनी त्या दिवशी घरात चूल पेटवू दिली नाही. अण्णा उपाशी म्हणून तेही उपाशी बसले. हातात घड्याळ धरून दर पंधरा मिनिटांनी त्यांनी अण्णाला ग्लास दिला. तिसऱ्या ग्लासाला वास ओळखीचा वाटून थोडं चाटून बघितलं म्हणतात, आणि तेव्हा त्यांना सगळा उलगडा झाला. खाटकाला फोन करून विहीणबाईंनी माफी मागितली. मला अजून फोन केलेला नाही.

गाठ निघाली. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटी, जिथं माझा खडू अडखळायचा नेमका तिथं.

ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली. अण्णा आहे, चांगला आहे, जेवतो. पण तो भाग काढावा लागला, आणि पोटावर कायमची पिशवी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दीड वर्षापूर्वी आला असता तर कदाचित गाठ व्हायच्या आधीचा छोटा मोड असता. दुर्बिणीतूनच काढून टाकला असता, टाकासुद्धा पडला नसता." त्यांनी 'कदाचित' म्हटलं ते माझ्याकडं बघून, मला जरा बरं वाटावं म्हणून. नाही वाटलं.

वहिनी कधी मला टाकून बोलली नाही. एकदाच, अण्णाची पिशवी बदलून हात धुताना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही म्हणला मूळव्याध हाय, म्हून आम्ही निवांत होतो." आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

अण्णाचं वेगळंच. लोक भेटायला आले की शर्ट वर करून पिशवी दाखवतो. "तीस वर्षं गाडी चालवली, आता टाकी भाईर आली." ऑपरेशनच्या वेळी काढलेली तांब्याची अंगठी त्यानं माझ्या हातावर ठेवली. "प्रयोग झाला मास्तर. ठीव तुझ्याकडं." त्याच्या बोटावरचा हिरवा वळ अजून गेलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. सख्ख्या भावानं तपासून घ्यावं, काही त्रास नसला तरी. मी हो म्हणालो आणि आठ महिने काढले. मला तर काहीच होत नव्हतं! शेवटी एक दिवस अण्णा चाकूरहून पिशवीसकट मुखेडला आला, थेट शाळेत आला, स्टाफरूममध्ये सगळ्या शिक्षक-शिक्षिकांसमोर उभा राहिला आणि एसटीच्या हॉर्नच्या आवाजात म्हणाला, "मास्तरचं गुदद्वार तपासायचंय. रजा द्या."

त्याच आठवड्यात गेलो. लातूरला गेलो, कारण नांदेडच्या डॉक्टरीणबाई मला ओळखत होत्या. आदल्या दिवशी चाकूरला अण्णाच्या घरी मुक्काम, तिथून लातूर तासाभरावर. अण्णा खुर्ची टाकून माझ्यासमोर बसला आणि दोन्ही लिटर त्यानं मला एकट्यालाच पाजलं. कुणाला चाखू दिलं नाही.

माझ्या आतड्यात हरभऱ्याएवढा मोड निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच काढला. टाका नाही, पिशवी नाही. दुपारी मी भातही खाल्ला.

"सर, अगदी वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "काही त्रास नसताना सहसा कुणी येत नाही. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"थोरल्या भावानं." तो बाहेर बाकावर बसला होता, एक हात पोटावर ठेवून.

"ते डॉक्टर आहेत का?"

"नाही, एसटीचे ड्रायव्हर होते," मी म्हणालो. "घरातला डॉक्टर मी होतो."